व्याहीबुवांच्या तीस पायऱ्या

पिंप्राळा, जळगाव
१० नोव्हेंबर २०२४

श्री. मोतीलालभाऊ बोंडे यांस,

शालिग्राम झांबरे याचा नमस्कार. तो पोस्टाने पाठवतोय, कारण फोनवरून पाठवलेले आठ नमस्कार तुम्ही घेतलेले नाहीत. पुनम म्हणते, तुम्ही माझा नंबर ब्लॉक केलाय. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही, म्हणून हा मार्ग धरला.

दिवाळी झाली. लग्नानंतरची लेकीची पहिली दिवाळी, आणि ती माहेरी आली नाही. जितेंद्ररावांसाठी घेतलेला कुर्ता कपाटात घडी मोडायची वाट बघतोय. तुमचा निरोप पुनमने शब्द न बदलता सांगितला: "तिच्या बापाने स्वतः यावं, जिना चढून वर यावं, माझ्यासमोर उभं राहावं, मग लेकीला न्यावं." आता तिला पाचवा महिना आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत तुमच्या घरी आहे तशी आमच्याही घरी आहे. पुनमची आई, आमची बेबाबाई, तर आतापासून डिंकाची चौकशी करायला लागलीये.

फेब्रुवारीतल्या लग्नात व्याहीभेटीच्या वेळी जे झालं त्याबद्दल एकदा लिहून मोकळा होतो. तुम्ही मला मिठी मारून चांगलं दीड फूट उचललंत. मांडवाने टाळ्या वाजवल्या. मग माझी पाळी. मी तुम्हाला उचललं आणि पुढच्या क्षणी तुम्ही जमिनीवर बसलेले होतात, फेटा एकीकडे आणि चष्मा एकीकडे. त्यात माझा दोष नव्हता. मंडपवाल्याने कार्पेटखाली खड्डा ठेवला होता, शिवाय माझी मोजडी नवी होती. नाचता येईना अंगण वाकडे, असं तुम्ही म्हणाल. पण तेहतीस वर्षं फैजपूरच्या शाळेत पी.टी. शिकवलेल्या माणसाला कोणी असं म्हणू नये.

राहता राहिलं ते माइकवरचं वाक्य. "केळीचा घड समजून हात घातला, तर अख्खा खांब निघाला," हे मी बोललो खरं. प्रसंग हलका करायला बोललो. त्या व्हिडिओवाल्याने ते तुमच्या पडण्याला जोडून, सावकाश चालवून, वर गाणं टाकून गावभर पाठवलं, त्याला मी काय करणार?

मी येणारच आहे. पण गाडी कामाला टाकलीये, आणि बेबाबाईच्या मते हा महिनाही बरा नाही. तोवर एक सहज विचारतो. तुमच्या जिन्याला पायऱ्या किती? माझा एक मित्र वास्तुशास्त्र शिकतोय, त्याला हवं आहे.

आपला,
शालिग्राम झांबरे


पिंप्राळा
१ डिसेंबर २०२४

मोतीलालभाऊ,

तुमचं कार्ड मिळालं. "तीस. मो. बोंडे." एवढाच मजकूर. पोस्टाला सुद्धा लाज वाटली असेल. पण उत्तर आलं हे महत्त्वाचं.

माझ्या मित्राला ते कळवलं. हा वास्तुवाला नव्हे, दुसरा मित्र. त्याचे गुडघे गेलेत. बरीच वर्षं त्याने कोणाला कळू दिलं नाही, कारण तो आयुष्यभर लोकांना "गुडघे वर, गुडघे वर" म्हणत आला. झाकली मूठ सव्वा लाखाची. आधी त्याने एरंडाची पानं गरम करून बांधली. मग चुंबकाचा पट्टा आणला, तो दोन दिवसांत स्वयंपाकघरातल्या चमच्यांना चिकटायला लागला. मग एका मेळ्यातून तेल आणलं, त्याने गुडघा तसाच राहिला आणि गादी मात्र कायमची गेली.

शेवटी त्याला हाडांच्या डॉक्टरकडे जावं लागलं. एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, सांध्यातल्या हाडांमधली कूर्चा झिजली आहे, झिजलेलं परत उगवत नाही, पण मांडीचे स्नायू घट्ट केले तर गुडघ्यावरचा भार ते घेतील. वजन सात-आठ किलो उतरवा, जमिनीवर मांडी घालून बसू नका, आणि व्यायामाला जा. ऑपरेशनचं नंतर बघू, सगळ्यांनाच ते लागत नाही.

व्यायामाची डॉक्टरीण मृणाली म्हणून आहे. ती नेमकी त्या मित्राची फैजपूरची विद्यार्थिनी निघाली. आठवीत असताना दर शनिवारी पोटदुखीची चिठ्ठी आणायची आणि हा म्हणायचा, "नाटकं बंद, मैदानात चल." आता तो "आज जरा जास्त ठणकतंय" म्हणाला की ती म्हणते, "सर, नाटकं बंद. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवा, खाली दाबा, दहा आकडे मोजा." त्याने सहाला सोडलं तर ती परत एकपासून मोजायला लावते.

ही सगळी मित्राची हकिकत. तुम्हाला करमणूक म्हणून लिहिली.

आपला,
शालिग्राम

ता. क. — पाकीट मी डकवते आहे म्हनून लिव्हते. मित्र-बित्र कोनी नाही, हेच आहे. गुडघे यायचेच दुखता, लग्नाच्या आधीपासून दुखता. मले बी सांगितलं नव्हतं, उठता-बसता तोंडातून आवाज निंघे त्याच्यावरून मी वयखलं. मांडवात तुमाले मुद्दाम नाही पाडलं. तुमी राग सोडा आन् पुनमले पाठवा. — बेबाबाई


पिंप्राळा
१९ डिसेंबर २०२४

मोतीलालभाऊ,

मागच्या पत्राला पाय फुटले ते मला तुमचं कार्ड आल्यावर बेबाबाईकडून कळलं. तिने खाली ओळी लिहिल्या आणि माझ्यादेखत पाकीट डकवून टाकलं. दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. तिला ते तिसऱ्या दिवशी लक्षात आलं.

तुमच्या कार्डावर या वेळी चार शब्द जास्त आहेत, त्याबद्दल आभारी आहे. "टॉवेलचा व्यायाम झोपून की बसून? मो. बोंडे." चिडवताय, हे मला कळतं. चिडवा. तुमचा हक्क आहे. उत्तर असं की पाय लांब करून बसून करतो, पाठीला भिंत घेऊन.

आता खरं लिहितो. खड्डा नव्हता. मोजडी दोन वर्षांची जुनी होती. माझा उजवा गुडघा चार वर्षांपासून दुखतो. मुलगा बघायला तुमच्याकडे आलो होतो, तेव्हा मधल्या सपाटीवर थांबून मी कोणाची तरी तुळस पाच मिनिटं न्याहाळली, आठवतं? तुम्ही वरून म्हणालात, "झांबरे सरांना झाडांची फार आवड दिसते." मी श्वास जमवत होतो.

व्याहीभेटीत उचलायचं असतं हे मला माहीत होतं. आदल्या दिवशी बेबाबाई म्हणाली, "नुसती गयाभेट घ्या, उचलू नका, मी सांगते त्याहीले." मी म्हटलं, हजार माणसांत पी.टी. मास्तर उचलत नाही? तुम्ही मला उचललंत आणि माझ्या अंगात आलं. तुम्हाला वर घेतलं, गुडघ्यात सुरी फिरल्यासारखं झालं, आणि हात सुटले. लोक हसले. त्या वेळी "भाऊ, माझा गुडघा गेला, माफ करा" एवढं म्हटलं असतं तर संपलं असतं. मी त्याऐवजी माइक घेतला आणि तुमच्या वजनावर विनोद केला. स्वतःचं झाकायला तुम्हाला उघडं पाडलं. हे मी दहा महिने कोणाजवळ बोललो नाही. माझं चुकलं, मोतीलालभाऊ. मला लाज वाटते.

आणि मी अजून आलो नाही त्याचं कारण गाडी नव्हे. तीस पायऱ्या मला चढता येत नाहीत. खालून हाक मारून लेकीला बोलावलं तर ते तुम्ही मागितलेलं येणं होणार नाही, हे मला कळतं. मी वर येईन. थोडा वेळ द्या.

शालिग्राम


पिंप्राळा
१२ जानेवारी २०२५

मोतीलालभाऊ,

"सावकाश या. चढण्याचं ठीक, उतरण्याचं काय सांगते तुमची डॉक्टरीण?" हे कार्ड मी फ्रेम करणार होतो. माफ केलं असं त्यात कुठे नाही, पण "या" आहे. बेबाबाईने ते तीनदा वाचलं आणि म्हणाली, "मानूस कडू नाही."

उतरण्याचं मी विचारलं. मृणाली म्हणते, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. काठी दुखऱ्याच्या विरुद्ध हातात. मी इतके दिवस दुखऱ्या बाजूलाच काठी धरून लंगडत होतो. पोरांना डावं-उजवं शिकवण्यात माझी हयात गेली.

माझा दिनक्रम ऐका. सकाळी टॉवेल. मग उताणं पडून एक पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा आणि दहा आकडे धरायचा. मग खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि बसायचं, पंधरा वेळा. पहिल्या आठवड्यात चारला बसलो तो बसलोच, बेबाबाईने ओढून काढलं. आता पंधरा होतात. दुखलं तर मलम आणि शेक, गोळी डॉक्टरने सांगितली तेवढीच. संध्याकाळी कॉलनीतून सपाटीवर अर्धा तास चालतो. भरीत-पुरी सुटली नाही, पण पुऱ्या दोनवर आल्यात. वजन पाच किलो उतरलं. असोद्याहून वांगी घेऊन आलेला मेहुणा म्हणाला, "दाजी, आजारी आहे का?"

जिन्याचा सराव कुठे करणार? आमचं घर बैठं. ओट्याला तीन पायऱ्या आहेत. त्या मी दहा वेळा चढतो-उतरतो. समोरचे लोक पहिले दोन दिवस समजले की मी घरात काहीतरी विसरून येतोय. तिसऱ्या दिवशी एकाने येऊन बेबाबाईला हळूच विचारलं, सरांचं डोकं ठीक आहे ना. तिने सांगितलं, डोकं पहिलेसारखंच आहे, गुडघे सुधरू ऱ्हायले.

पण एक सांगतो, हसू नका. मला भीती वाटते. पुनमच्या डॉक्टरांनी दहा फेब्रुवारीनंतर प्रवास नको म्हणून सांगितलंय. थंडीने मधे चार दिवस गुडघा असा धरला की सगळं पाण्यात गेलं असं वाटलं. मृणालीला म्हटलं, माझ्याच्याने होणार नाही. ती म्हणाली, "सर, तुम्ही मला एकदा मैदानाच्या मधोमध बसलेली बघून काय म्हणाला होतात? बस, पण घरी जाऊ नको." मला हे आठवत नाही. पण मी म्हटलं असेल तर बरंच म्हटलं.

कठडा कोणत्या हाताला आहे तेवढं कळवा.

शालिग्राम


देवपूर, धुळे
तुमच्या जिन्याची सोळावी पायरी
४ फेब्रुवारी २०२५, दुपार

मोतीलालभाऊ,

पत्र कॅलेंडरच्या जानेवारीच्या पाठीवर आहे, कारण पहिल्या मजल्यावरच्या भागाबाईंकडे दुसरा कागद नव्हता. मी त्यांच्या दारात, त्यांच्याच खुर्चीवर बसलोय. म्हणजे तुमच्या बरोबर पायाखाली.

पुनमला मी उद्या येतो म्हणून सांगितलं होतं. चढताना कोणी बघायला नको, म्हणून आजच आलो. पारोळ्यापर्यंत एसटीत बसून पाय आखडला, तिथे खाली उतरून दहा वेळा उठ-बस केली. कंडक्टरला वाटलं मी कोणाची तरी शिक्षा भोगतोय. मग तुमचा जिना. "कठडा उजवीकडे, सातव्या पायरीपासून हलतो," हे तुम्ही बरोबर कळवलं होतंत. एवढी बारीक माहिती कशी, असं मनात आलं होतं. चांगला पाय वर, मग दुखरा. सोळापर्यंत आलो. इथे गुडघ्याने सांगितलं, थांब. तीन दाहे तीस होतात, पण गुडघ्याला पाढे येत नाहीत. ओट्यावर दर तीन पायऱ्यांनंतर सपाटी मिळत होती, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

भागाबाई दारात शेंगा फोडत होत्या. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. मी म्हटलं, वर बोंड्यांकडे जायचंय, व्याही आहेत माझे. त्या म्हणाल्या, "जा ना भाऊ, घरमाच शेतस त्या. आठ महिना व्हयनात, खाले उतरनाच नहीत."

मी म्हटलं, आठ महिने खाली उतरले नाहीत? राग आहे त्यांना माझा.

त्या हसल्या. "राग कसाना? गुडघा दुखस त्यास्ना. दोरीवरी थैली सोडतस, भाजीपाला वर ओढी लेतस. कोन्ले सांगू नका म्हनेत, पन आते तुम्ही घरनाच शेतस."

मोतीलालभाऊ, मी खुर्चीतून उठलो आणि परत बसलो, हात न टेकता. मग त्यांना विचारलं, हे लग्नात पडल्यापासून का? त्या म्हणाल्या, "नही भाऊ. लगीनना आधीपासूनच कठडा धरीसन उतरेत. लगीनना दिन गोया खाईसन गयतात." मला हायसं वाटलं. लगेच हायसं वाटल्याची लाज वाटली. म्हणजे तुम्ही वेदनेच्या गोळ्या खाऊन मला, त्र्याऐंशी किलोच्या माणसाला, दीड फूट उचललंत. आणि मी तुमच्या वजनावर विनोद केला.

पुढचंही त्यांनी सांगितलं. सून बाळंतपणाला जळगावला गेली तर बाळ तुम्हाला कोण दाखवणार, असं तुम्ही त्यांच्याजवळ एकदा बोललात. मी अट समजत होतो, ती अट नव्हती. तुम्हाला खाली उतरता येत नाही आणि मला वर चढता येत नाही, आणि आपण दोघं वर्षभर त्याला मान म्हणत होतो. ती कार्डं मी चिडवणं समजलो. तुम्ही तर व्यायाम विचारत होतात. चार शब्द जास्त लिहिले असते तर मी डिसेंबरातच टॉवेल पाठवला असता. अर्थात तुम्हाला काय बोलू, मी स्वतः "मित्र" पाठवत होतो.

सगळ्यांत वाईट पुनमचं वाटतं. तिला दोन्हीकडचं माहीत होतं. तुम्ही सांगितलं असेल, घरातलं माहेरी बोलायचं नाही. मी सांगितलं होतं, बापाचं सासरी बोलायचं नाही. पोरगी पोटात बाळ घेऊन दोन म्हाताऱ्यांची अब्रू सांभाळत बसली. तिची माफी मी वर आल्यावर मागेन. तुम्हीही मागा.

तर मी लेकीला न्यायला आलो होतो. आता तसं वाटत नाही. पुनमला विचारा, शेवटचा शब्द तिचा. तिची ना नसेल तर बाळंतपण धुळ्यातच होऊ द्या. बाळ दवाखान्यातून पहिल्या दिवशी तुमच्या घरी येईल. तुम्हाला कोणाची वाट बघावी लागणार नाही. आणि आधी डॉक्टरला दाखवू, एक्स-रे काढू. मी इथे आहे तोवर सकाळी दोघं टॉवेल दाबत बसू. मोजणं माझ्याकडे, तो माझा धंदाच आहे. मृणालीला फोनवर घेऊ, ती माझ्यापेक्षा कडक आहे. पावसाळ्याच्या आत तुम्ही नातवंडाला घेऊन नाही, पण त्याच्या मागे मागे का होईना, खाली अंगणापर्यंत उतराल. हे वचन नाही. झिजलेलं परत उगवत नाही, हे मला माहीत आहे. पण मी नोव्हेंबरात तीन पायऱ्यांवर होतो.

बेबाबाईला इथूनच फोन लावला. सगळं सांगितलं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत तिला मोडवेना. तिने खोली सारवून-पुसून ठेवलीये, खाटेला नवीन नवार घातलीये. मी म्हटलं, मग माहेरच धुळ्याला आणावं लागेल. पलीकडून डब्यांची झाकणं वाजली. मला वाटलं रागावली. मग म्हणाली, "सकायची गाडी किती वाजता आहे?"

भागाबाई पत्र घेऊन वर यायला निघाल्या आहेत. त्या माझ्या आधी पोचतील. तुम्ही माझ्यासाठी उठून दारात उभे राहू नका, भाऊ, बसून घ्या. अजून चौदा राहिल्यात, मला वेळ लागेल. पण मी येतोय.

शालिग्राम